बर्फवाल्या थविनचं चरित्र

पोलीस ठाण्यासमोर भाताची टपरी चालवायची तर दोन गोष्टी जमायला लागतात. पहाटे चारला उठणं, आणि कानावर आलेलं पोटात ठेवणं. लमूनला दोन्ही जमत होतं. थालमुतच्या ठाण्यासमोर तिनं चौतीस वर्षं भात नि कालवणं विकली. आंबट मासळीचा रस्सा, अंडी नि डुकराचं मांस घातलेलं गोडसर काळं कालवण, सुकटीच्या चटणीबरोबर तळलेले बांगडे. ठाण्यातले शिपाई तिच्याच बाकावर जेवत, कुणाला सोडवायला आलेले नातेवाईकही तिथंच जेवत, आणि सुटून आलेला माणूससुद्धा घरी जायच्या आधी तिच्याकडे चार घास खाऊन जाई. कोण कुणाला खूश करून बदली थांबवतोय, हे तिला साहेबांच्या आधी कळायचं. तिनं कधी ब्र काढला नाही. गावात म्हणत, लमूनताईला राग म्हणून येतच नाही.

गावाला काय कळतंय डोंबल! राग यायला माणसाला मोकळीक लागते. समोर ठाणं असताना रागावून जायचं कुठं?

क्रायवुत ठाण्याचा प्रमुख होऊन आला तेव्हा सदतीस वर्षांचा होता. उंच, देखणा, कपड्यांना कडक इस्त्री. पहिल्याच दिवशी टपरीवर आला आणि लमूनला त्यानं आधी हात जोडले. ठाण्याच्या साहेबानं भातवालीला आधी हात जोडावेत, हे थालमुतनं कधी पाहिलं नव्हतं. "ताई, आता तीन वर्षं तुमच्याच हातचं खाणार, अजीर्ण झालं तर तुम्हालाच अटक," असं म्हणून तो हसला. बाकावरचे सगळे हसले. लमूनही हसली. त्या दिवसापासून तळलेल्या बांगड्यांतला मोठा बांगडा ती त्याच्यासाठी झाकून ठेवायला लागली. या गोष्टीची लाज तिला पुढं आयुष्यभर वाटली.

थविन हा लमूनचा धाकटा भाऊ, आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, म्हणून बहिणीपेक्षा ती त्याची आईच जास्त. मोठा झाल्यावर तो तीनचाकीवरून बर्फाच्या लाद्या पोचवायचा. करवतीनं लादी कापायची, लोखंडी आकड्यात अडकवायची, खांद्यावर गोणपाट टाकून दारोदार न्यायची. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. दारू मात्र घ्यायचा, आणि घेतली की तीनचाकीवरच झोपायचा. बर्फ वितळून खाली ओघळ लागायचा, लहान मुलं तोंड लावून पाणी प्यायची.

सोन्याच्या पेढीवरच्या आमा किमलाय, सत्तरीच्या म्हातारबाई, एका सकाळी आपल्या खोलीत मेलेल्या सापडल्या. गळ्यावर खोल जखम, कपाटातलं सोनं नाहीसं. गाव हादरलं. राजधानीतून वार्ताहर आले. क्रायवुतनं छाती काढून सांगितलं, "अठ्ठेचाळीस तासांत खुनी तुमच्यासमोर बसवतो." बोलून बसला, मग बसवायला कुणीतरी नको का? आमाच्या घरी रोज सकाळी बर्फ पोचवणारा थविन होता, आणि त्याच्या हातात लोखंडी आकडा होता. एवढं पुरलं.

दोन दिवस, दोन रात्री थविन समोरच्या इमारतीत होता आणि लमून रस्त्याच्या अलीकडे भात रांधत होती. त्याला मारताहेत हे तिला शिपायांच्या तोंडावरून कळलं. ते येत, खाली मान घालून जेवत, आणि कुणी जास्तीचा रस्सा मागत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रायवुत स्वतः आला. टोपी काढून बाकावर बसला, पाणी मागितलं.

"ताई, मी तुमचं मीठ खाल्लंय, म्हणून सांगतोय," तो म्हणाला. "पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. नाही नाही म्हणत बसला तर फाशी आहे. कबूल झाला तर कोर्ट शिक्षा निम्मी करतं, कायदाच आहे तसा. मग सणासुदीच्या माफ्या असतात. तुमच्यासमोर परत येईल तो. पण माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"पण साहेब, त्यानं केलं नाही."

"केलं नाही केलं ते कोर्टात बघू. आत्ता जीव वाचवायचाय ना?"

आपल्याकडे मोठ्या माणसानं, आणि तेही हात जोडून बोलणाऱ्या मोठ्या माणसानं, भल्याचं म्हणून काही सांगितलं, की आपण त्याला उलटा प्रश्न विचारत नाही. लमूननंही विचारला नाही. ती पदराला हात पुसून रस्ता ओलांडून आत गेली. थविनचा एक डोळा मिटला होता. ती त्याला म्हणाली, "सही कर, बाळा. साहेब आपला आहे." थविननं तिच्याकडे पाहिलं आणि तिचं ऐकलं. सहा वर्षांचा होता तेव्हापासून तो तिचंच ऐकत आला होता.

दुसऱ्या दिवशी तमाशा झाला. कबुली दिलेल्या आरोपीनं गुन्हा कसा केला ते गुन्ह्याच्या जागेवर करून दाखवायचं, आणि वार्ताहरांनी फोटो काढायचे, अशी ही आपली रीत. आमाच्या घरापुढं सारं गाव लोटलं. थविनच्या डोक्यात शिरस्त्राण घातलं होतं, लोक दगड मारतील म्हणून. तरी मारलेच. त्याला मागच्या दारी नेलं, गर्दीही मागोमाग गेली. रोज तिथंच तो लादी टाकून जायचा. दारात त्यानं सपाता काढल्या, नीट जोडीनं कडेला ठेवल्या, आणि थांबला.

"हं, चल आत," शिपाई म्हणाला.

थविन आत गेला, दोन पावलं चालला, मग वळून साहेबाला हळूच विचारलं, "साहेब, आता कुठल्या बाजूला?"

लमून गर्दीत पुढं होती, तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. शेजारच्या बदकाची अंडी विकणाऱ्या बाईनंही ऐकलं, आणि ती फिसकन हसून म्हणाली, "काय बाई खुनी! म्हातारीची खोली पोलिसांना विचारतोय." पण पुढचं कुणी बोललं नाही. क्रायवुतनं थविनचा दंड धरून त्याला डावीकडं वळवलं, सपाता घालून परत आत यायला लावलं, आणि दुसऱ्या वेळचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. कपाटाकडे बोट दाखवणारा थविन, आणि थविनकडे बोट दाखवणारा क्रायवुत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं संन्याशाला सुळावर जायची वाटसुद्धा पोलिसानंच दाखवली.

थविनला जन्मठेप झाली. क्रायवुतला बढती झाली.

त्यानंतरची त्याची चढती कमान काय सांगावी! आधी जिल्ह्याचा प्रमुख, मग विभागाचा, मग राजधानीत. दरवर्षी खांद्यावर नवं काहीतरी चमकायचं. दूरचित्रवाणीवर आला की मागं तोच फोटो: "अठ्ठेचाळीस तासांचा साहेब." त्यावर त्यानं पोलिसांच्या शाळेत व्याख्यानं दिली म्हणे. साठाव्या वर्षी निवृत्त झाला, महिन्याभरात एका पक्षाचा गमछा गळ्यात घातला आणि थालमुतमधून उभा राहिला. "गुंडांना धाक, गरिबांना साथ." नव्या वर्षाला त्याच्या फोटोची दिनदर्शिका घरोघर आली. निवडून आला. खासदार झाला, कसल्याशा समितीचा अध्यक्ष झाला, आणि तुरुंग सुधारण्यावर बोलायला लागला. तुरुंगावर! वाचून लमूननं हातातला डाव खाली ठेवला होता.

इकडं लमून दर महिन्याला थविनला भेटायला तुरुंगात जाई. शिक्षेच्या सहाव्या वर्षी एकदा सनित हवालदार, ठाण्याचा जुना लेखनिक, दुपारी गिऱ्हाईक नसताना टपरीवर आला. निवृत्तीला त्याला चार महिने उरले होते. जेवला नाही. नुसता बसून राहिला, आणि मग बोलला.

"ताई, दक्षिणेतल्या एका ठाण्याचं पत्र आलं होतं, दोन वर्षांपूर्वी. आमाची बांगडी तिकडं एका माणसाकडे सापडली. आतल्या बाजूला पेढीचा शिक्का होता. त्या माणसानं इथलं सगळं सांगितलं. खोली कुठली, कपाट कुठलं. पत्र मीच आवक वहीत चढवलं. साहेब तेव्हा जिल्ह्याला होते, मागवून घेतलं. परत आलं नाही."

"मग कोर्टात सांगा की हो, दादा."

"माझं निवृत्तिवेतन जाईल, ताई. बायकोचं डायलिसिस चालू आहे."

लमूननं त्याला शिव्या घातल्या नाहीत. त्याच्यापुढं भाताचं ताट ठेवलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी इतकी आपटली की एका पातेल्याचा कान तुटला. वकिलाकडे गेली तर तो म्हणाला, पत्र दाखवा. पत्र कुठून दाखवणार? तिनं चार ठिकाणी अर्ज दिले. एका अर्जाला उत्तर आलं की तो योग्य त्या अधिकाऱ्याकडे पाठवला आहे. योग्य तो अधिकारी कोण, हे वेगळं सांगायला नको.

अकरा वर्षांनी थविन सुटला. क्रायवुतनं सांगितलं होतं तसंच झालं म्हणायचं, सणासुदीच्या माफ्या मिळत गेल्या. घरी आला तेव्हा केस पांढरे, दात अर्धे. बायको केव्हाच दुसरीकडे नांदायला गेली होती. टपरीवर बसून भाजी निवडून द्यायचा. समोरून पोलीस गिऱ्हाईक आलं की उठून मागं जायचा. तेरा वर्षं तो मागं जात राहिला. "सही करायला मी सांगितलं रे," एकदा लमून म्हणाली. तो म्हणाला, "तू नसतंस सांगितलं तर त्यांनी मारलंच असतं ताई, सोड." पण त्यानं ते तिच्याकडे न बघता म्हटलं, आणि तिला ते समजलं. चोपन्नाव्या वर्षी त्याची फुप्फुसं गेली.

विहारात तीन दिवस सूत्रपठण झालं. दुसऱ्या दिवशी विहाराच्या मांडवात एक फुलांचा हार येऊन उभा राहिला, खरं तर हार नव्हेच, कापडी फुलं लावलेला विजेचा पंखा. वर भल्यामोठ्या अक्षरांत नाव: खासदार क्रायवुत. निवडणूक जाहीर झाली की उमेदवाराच्या असल्या भेटींना बंदी येते; त्याला अजून दोन आठवडे होते, त्यामुळं पंखा चालून गेला. पंख्यामागोमाग तालुक्याचा मुखिया प्रयून आला. निवडणुकीत क्रायवुतची मतं गोळा करणारा तोच, आणि गावातल्या प्रत्येक अंत्यविधीला ध्वनिक्षेपकावर बोलणाराही तोच.

"लमूनताई, तुमचं भाग्य थोर," तो म्हणाला. "उद्या साहेब स्वतः येताहेत. अध्यक्ष म्हणून. शेवटचं चीवर तेच ठेवतील."

दहनाआधी भिक्खूंना द्यायचं वस्त्र, म्हणजे चीवर, शवपेटीवर ठेवायचा मान अंत्यविधीच्या अध्यक्षाचा असतो. लमूनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुणाच्या शवपेटीवर ठेवणार?"

"म्हणजे काय? थविनच्या."

"त्याला ठाऊक आहे का, थविन कोण ते?"

प्रयून जरा घुटमळला. "साहेबांना उद्या पाच अंत्यविधी आहेत, ताई. सगळं कसं लक्षात राहणार? यादी मी केली. तुमच्या भावाला मान मिळावा म्हणून नाव घातलं. आणि झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायचं." त्यानं खिशातून कागद काढला. "चरित्रही तयार आहे. ऐका."

दहन करण्याआधी मेलेल्याचं चरित्र मोठ्यानं वाचायचं असतं, मग सगळ्यांनी उभं राहून मौन पाळायचं असतं. प्रयूनकडं एकच साचा होता, त्यात नावं बदलायची. त्यानं वाचलं, "थविन हे सुस्वभावी, कष्टाळू, धर्मनिष्ठ होते. तरुणपणी बर्फाचा व्यवसाय केला. काही वर्षं कामानिमित्त बाहेरगावी वास्तव्य..."

"बाहेरगावी?" लमून म्हणाली.

"मग काय लिहू? मेल्या माणसाच्या चरित्रात कोणी तुरुंग वाचतं का? त्याचीच अब्रू राखतोय मी."

"कुणाची अब्रू, प्रयून?"

तिनं त्याला कधी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली. साहेब येणारच नाहीत असं करता येईल का, याचा तिनं त्या संध्याकाळी विचार केला. पण अध्यक्षाला दारातून परत पाठवायचं म्हणजे भंतेजींच्या विहारात भावाच्या शवापुढं कज्जा, आणि गाव म्हणणार की खुन्याची बहीण शेवटी तशीच निघाली. शिवाय ते जास्त दिवस लक्षात राहिलं नसतं. तिला एकच हवं होतं. थविन जन्मला, जगला, आणि त्याच्याबाबतीत काय झालं, हे एकदा, एकदाच, मोठ्यानं, माणसांत म्हटलं जावं. दहनानंतर कोण ऐकणार? राखेचं चरित्र कोणी वाचत नाही.

ती मोठ्या भंतेजींकडं गेली. म्हाताऱ्या भंतेजींनी डोळे मिटून ऐकून घेतलं. "नातेवाईकानं वाचायला बंदी कुठं आहे?" ते म्हणाले. "खोटं मात्र वाचू नकोस, बाई. आणि स्वतःचं झाकू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता क्रायवुत आला. काळा सदरा, कलप लावलेले केस, मागं पाचसहा पांढरे सदरेवाले आणि एक फोटोवाला. लमूनला त्यानं हात जोडले, अजूनही तितकेच सुरेख.

"ताई, फार वाईट झालं. तुमचा भाऊ फार भला माणूस. मी चांगला ओळखत होतो त्याला."

"ओळखत होतात, हे खरं," लमून म्हणाली.

तो पुढच्या कोचावर बसला. मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सारा बाजार बसला होता, पोलिसांच्या बायका, अंडीवाली, काठी टेकत आलेला सनित. प्रयूननं ध्वनिक्षेपक हातात घेतला, तेवढ्यात लमूननं तो त्याच्या हातातून काढून घेतला. ओढाताण नाही. मुलाच्या हातातून कढत भांडं काढून घ्यावं तसा. तिच्याकडं शाळकरी वही होती. चौथी शिकलेल्या हाताचं अक्षर, त्यामुळं सावकाश वाचावं लागलं.

"थविन. आईचं नाव चंताऱ्या. तो बर्फ पोचवायचा. तिसाव्या वर्षी या गावच्या ठाण्याचे प्रमुख क्रायवुत यांनी त्याला आमा किमलायच्या खुनासाठी धरलं. दोन दिवस मारलं. त्यानं खून केला नव्हता. त्याला आमाची खोलीसुद्धा माहीत नव्हती, हे तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलं आहे. तरी त्यानं सही केली. का, तर त्याच्या बहिणीनं सांगितलं, साहेब आपला आहे, सही कर. ती बहीण मी. मी साहेबाला मोठा बांगडा वाढायची. चार वर्षांनी खरा माणूस सापडला. त्याबद्दलचं पत्र ठाण्यात आलं, ते क्रायवुत यांनी दाबलं. थविन पुढची सात वर्षं तुरुंगातच राहिला. नंतर तेरा वर्षं माझ्याकडे होता. त्यानं कुणाचं वाईट केलं नाही. चरित्र संपलं. आता उभं राहायचं."

मांडवात पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग खुर्च्या सरकल्या. लोक उभे राहिले, कारण उभं राहायचंच असतं. क्रायवुतलाही राहावं लागलं. फोटोवाल्यानं सवयीनं कॅमेरा उचलला, एका पांढऱ्या सदरेवाल्यानं तो खाली दाबला.

मौन एका मिनिटाचं असतं. ते संपल्याचं ध्वनिक्षेपकवाल्यानं सांगायचं असतं. लमूननं सांगितलं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली, बहुधा चार गेली. शवपेटीकडं जाणाऱ्या पायऱ्यांजवळ बसलेल्या भंतेजींनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"ताई, बसू दे की लोकांना," प्रयून कुजबुजला. ध्वनिक्षेपक चालूच होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"मी कुणाला धरलंय? ज्याला बसायचं तो बसेल."

क्रायवुत बसला. इतकी वर्षं खुर्च्यांवर बसायची सवय, गुडघेही म्हातारे, आणि रागही आला असेल. तो कोचावर टेकला, त्याच्यामागं त्याची माणसं टेकली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मागची एकही खुर्ची वाजली नाही. त्यानं मान वळवून पाहिलं. अंडीवाली उभी होती. पोलिसांच्या बायका उभ्या होत्या. सनित दोन्ही हातांनी काठी धरून उभा होता आणि वळून पाहणाऱ्या साहेबाकडे सरळ बघत होता.

"पत्र मी चढवलं होतं वहीत," सनित म्हणाला. आवाज फाटका होता, पण पोचला.

पुढच्या गावच्या अंत्यविधीची वेळ झाली, असं क्रायवुतच्या माणसानं सांगितलं, आणि ते सगळे गाडीत बसून गेले. निवडणूकही तो जिंकला, ते सांगायला हवं. असल्या माणसांना एक गाव पाडू शकत नाही.

चीवर तबकातच राहिलं होतं. प्रयूननं विचारलं, आता अध्यक्ष कुणाला करायचं? लमूननं तबक उचललं, सपाता काढल्या आणि पायऱ्या चढली. चीवर पेटीवर ठेवून तिनं हात जोडले. "थविन, माझं चुकलं," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक खाली राहिला होता, त्यामुळं ते फक्त त्यालाच सांगितलं गेलं.